दोन जहाजं आणि नवी मेंढी

मंडळी, हिंगोलीच्या सायबर कॅफेत बसून लिहून राहिलो. डोस्कं पार गरगरून गेलंय.

मी क्रूझ जहाजावर खोल्या साफ करतो, ते तुमाला म्हाईत हाय. आता कंपनी बदलली. नवी कंपनी म्हणते, दोन जहाजांतलं एक निवडा अन् उद्या कळवा. एक नवंकोरं, आमचं अख्खं कुरुंदा गाव मावंल एवढं. दुसरं जुनं अन् लहान. फोटो पाहून पाहून काहीच सुचेना.

सुट्टीवर घरी आलोय, म्हणून आज सकाळी जेवताना बाबांना विचारलं. त्यांनी जन्मभर मेंढ्या राखल्या, समुद्र कधी पाहिला न्हाई.

बाबा म्हणले, "नवी मेंढी एकदम मोठ्या कळपात सोडत न्हाईत. बाकीच्या ढुशा मारतात. आधी चार मेंढ्यांत ठिवायची."

म्हणजे लहान जहाज! मी खूश झालो.

पण बाबांचं संपलं नव्हतं. "मेंढी रुळली का न्हाई, ते तिच्या चरण्यावरून कळतं. नवी हाय तवर ती धड खात न्हाई."

मग माझ्या ताटाकडं बघून म्हणले, "तू काहून अर्धी भाकर ठिवून राहिला?"

जहाजाचं ऱ्हाऊ द्या आता. तुमीबी बाहेर राहता. घरी आल्यावर तुमची भाकर पुरी सरते का?