मोहियोद्दीनचाचांनी बिघडवलेले फोटो

पडेगावच्या मोहियोद्दीनचाचांनी चाळीस वर्षं लोकांना "हनुवटी वर, डोळे इकडं" असं सांगत फोटो स्टुडिओ चालवला. तो बंद पडल्यावर ते घरच्या पुढच्या खोलीत गिटारींचे फोटो काढू लागले. जुनं वाद्य ऑनलाइन विकायचं असलं की पोरं ते चाचांकडे आणून देत. त्यातही इलेक्ट्रिक बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची, लांबलचक मानेची, गाण्याच्या बुडाशी घुमणारी, ही फोटोला महा वाईट. तिच्या पॉलिशमध्ये पंखा दिसतो, ट्यूबलाइट दिसते, फोटो काढणाऱ्याचं पोटही दिसतं. चाचांची सामग्री मात्र साधी होती. एका बाजूला टेबललॅम्प, त्याच्यापुढं ताणलेला बटर पेपर, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा, आणि स्वतः लपायला दोरीवर टाकलेला कमरुन्निसाचाचींचा जुना काळा बुरखा. फटीतून कॅमेऱ्याची काच तेवढी बाहेर.

"जन्मभर मी घातला, आता तुम्ही घाला," चाची म्हणायच्या.

अशा या माणसानं गेल्या महिन्यात मुद्दाम वाईट फोटो काढले, आणि तेही पोटच्या पोरीच्या गिटारीचे.

सदफ नऊ वर्षं एका बँडमध्ये बेस वाजवायची. दोन वर्षांपूर्वी बिडकीनच्या रस्त्यावर तिची स्कूटी घसरली आणि डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. व्यायाम झाले, शेक झाले, शेवटी डॉक्टरांनीही नाही म्हणून सांगितलं. "अब्बा, विकून टाकू," ती म्हणाली. "रोज समोर दिसते. नाही सहन होत."

चाचांना मात्र वाटे, गिटार घरात आहे तोवर बोटं कधी ना कधी वळतील. ती गेली की संपलंच. हे पोरीला सांगायची त्यांची छाती होईना. मग त्यांनी लॅम्प सरळ समोर ठेवला आणि बुरखा घडी करून कपाटात टाकला. लाल पॉलिशवर पांढरा फटक डाग पडला, मानेचं टोक अंधारात गेलं. तसेच फोटो त्यांनी ऑनलाइन टाकून दिले. पंधरा दिवस कुणाचा फोन आला नाही आणि चाचा दोन पोळ्या जास्त खाऊ लागले.

पण सदफ त्यांच्याच स्टुडिओत वाढलेली. तिनं फोटो एकदा पाहिले आणि ओळखलं.

"अब्बा, झूट नक्को बोलो. मुद्दाम केलं ना?"

चाचांची मान खाली गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मुकाट्यानं लॅम्प बाजूला सरकवला, एका हातानं बटर पेपर चिकटवला. बुरखा दोरीवर टाकताना दुसरं टोक तिला धरता येईना, ते चाचांनी धरलं. फोटो असे उतरले की चाचींनी पाहून डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्याच दिवशी जालन्याहून इंद्रजीत नावाच्या मुलाचा फोन आला. "फोटो लई आवडले. पण आवाज ऐकल्याबिगर कशी घेऊ? जरा वाजवून दाखवा की."

सदफनं आपल्या ताठ बोटांकडं पाहिलं. मग म्हणाली, "थांबा." तिनं गिटार स्पीकरला जोडली, मांडीवर घेतली आणि वडिलांना डावीकडं बसवलं.

"सगळ्यात जाड तार. मानेवरची तिसरी पट्टी. घट्ट दाबा."

सूर कशाशी खातात हे चाचांना ठाऊक नव्हतं. पण एवढं कळत होतं की बोट जरा सैल धरलं तर तार खरखरेल आणि पोरगा नाद सोडून देईल. त्यांनी सदफकडं पाहिलं. दोन वर्षांनी तिच्या मांडीवर गिटार होती, डोळे मिटलेले होते. चाचांनी सगळा जोर लावून तार दाबली.

तिनं उजव्या हातानं छेडली. फरशी घुमली. ती सांगत गेली, ते दाबत गेले. चार-सहा सूरच, पण चाचांना आयुष्यात एवढं सुंदर काही ऐकल्याचं आठवेना.

"एक नंबर!" इंद्रजीत म्हणाला. "उद्या सकाळी न्यायला येतो."

फोन बंद झाला तरी चाचांचं बोट तारेवरच होतं. सदफनं ते हळूच उचललं, त्यावर उमटलेला खोल वळ पाहिला आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरेना.