बिनखळीचं कापड

सरकारी टेंडर भरल्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय ते इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमाराची गोष्ट. कचेऱ्या बदलल्या, कागद हिंदीत यायला लागले. आमच्या बऱ्हाणपुरात मात्र टेंडरची रीत जुनीच राहिली. इस्पितळांच्या पट्ट्यांसाठी कापड पुरवायची जाहिरात तहसील कचेरीच्या भिंतीवर लागली, की शनवारा पेठेतले कापडवाले काकांच्या गादीवर जमत. चहा व्हायचा आणि यंदा पाळी कोणाची ते ठरायचं. बाकीच्यांनी मुद्दाम चढा भाव भरायचा. त्या वर्षी पाळी काकांची होती. मला लहानाचं मोठं करणारे, धंदा शिकवणारे माझे सख्खे काका. मी नुकतेच जैनाबादला स्वतःचे चार माग टाकले होते.

"माझी पाळी कधी?" मी विचारलं.

गादीवर हसू फुटलं. "याचे माग अजून धड खडखडत नाहीत, अन् याला सरकार पायजे!"

"टेंडर भरत नसतात भो, ठरवतात," काका म्हणाले. "बैस चूप."

मी चूप बसलो. पण येताना ती जाहिरात मी उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचली होती. बाकी कोणी वाचायचंच नाही. दरवर्षी तेच तर असायचं. यंदा तळाशी नवी अट होती : कापडाला खळ नको, कापड पाणी शोषतं का ते नमुना पाण्यात टाकून पाहिलं जाईल. आमच्याकडे बिनखळीचं कापड दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकासमोर बनियनवर येणं. काका नमुन्याला दोनदा खळ देऊन, कडक करून पाठवणार, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

घरी येऊन खरा भाव भरला. नमुना धुऊन मऊ केला. पाकिटाला लाख लावली.

खंडव्याच्या जिल्हा कचेरीत पाकिटं फुटली. माझं निघालं तेव्हा काकांनी वळून पाहिलं. साहेबांनी परातीत पाणी मागवलं. काकांचं कापड पापडासारखं तरंगत राहिलं. माझं भिजलं आणि तळाला गेलं. काम मला मिळालं.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "अट वाचली होतीस?"

"हो."

"गादीवर बसला होतास, तव्हा पण माहीत होती?"

"हो."

"भाव भरलास, ठीक. हे सांगायचं होतं रे."

पाळी मोडली, बरं केलं. ती गादीवाल्यांची पाळी होती. माझ्यासारख्या चार मागवाल्याला तिथे फक्त चहा होता. सरकारी काम कोणाच्या गादीवर वाटून घ्यायची चीज नाही, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन. पण जिंकायचं तर भावानं जिंकायचं होतं. काकांना मी माझ्या गप्प बसण्यानं हरवलं. ते मात्र आजही टोचतं.

पुढच्या वर्षी जाहिरात लागली त्या दिवशी मी तिची नक्कल केली आणि शनवाऱ्याच्या चौकात उभा राहून मोठ्यानं वाचायला लागलो.

"आले वकीलसाहेब!" कोणीतरी ओरडलं.

"ज्याला भरायचं त्यानं भरा," मी म्हटलं, "पाळी संपली." आणि वाचत राहिलो.

वाचून झालं. मागून आवाज आला. काकांचा. वर्षभरात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलत होते.

"शेवटची अट परत वाच. सावकाश."