मशीन सांगलीला जाऊन आलं

आईच्या कानाचं मशीन बिघडलं आणि आम्ही ते दुरुस्तीला पुण्याला पाठवलं. भाऊ फौजेत, त्यामुळे आई बरीच वर्षं माझ्याकडे वडूजलाच असते. मशीन नीट होऊन कुरिअरने निघाल्याचा मेसेज आला, तेव्हा मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, "परवापर्यंत येईल!" तिने मान डोलावली. कितपत ऐकू आलं, ठाऊक नाही.

मशीन नसलं की घरात बोलणं फार थोडं उरतं. जेव, गोळी घे, दार लावून घे, एवढंच ओरडण्याजोगं वाटतं. बाकीचं राहून जातं. सांगलीच्या मावशीशी आईचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं, तेही थांबलं. आई टीव्हीवरची माणसं नुसती हलताना बघत बसायची.

मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत मोबाईलवर पार्सल कुठवर आलं ते बघायचे. पहिल्या दिवशी ते साताऱ्यात होतं. मला वाटलं, झालं, आता आलंच. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर दाखवलं. साताऱ्यावरून सरळ इकडे वळायचं सोडून ते पुढे कोल्हापूरला कशाला गेलं असेल, याचा मी बराच वेळ विचार केला. मग मोबाईल दर तासाला बघायला लागले. त्याच्या पुढच्या दिवशी ते सांगलीत होतं.

"कुठवर आलं गं?" आईने विचारलं.

"सांगलीत!"

"सांगलीत? बहिणीकडं गेलं का काय त्ये?"

हेल्पलाइनला फोन केला. तिकडच्या मुलीने हिंदीत थोडं थांबायला सांगितलं. रात्री मावशीचा फोन आला, आईची चौकशी करायला. तिला मी सगळं सांगितलं.

"म्हंजे मशीन माझ्या गावात हाय? मग मी आणते की!"

मावशी सत्तरीच्या पुढची. काका गेल्यावर तिने पिठाची गिरणी एकटीने चालवली. दुसऱ्या दिवशी ती खरोखरच रिक्षा करून कुरिअरच्या गोडाऊनवर गेली आणि तिथूनच तिने मला फोन लावला. मागे कुणीतरी समजावत होतं, "आजी, पत्ता वडूजचा हाय. तुमाला देता येत न्हाई."

"आवं, मी सख्खी बहीण हाय तिची!" मावशी त्याला म्हणाली आणि मग मला, "ह्यो ओटीपी मागतोय. दे की."

"मावशी, ओटीपी घरी पार्सल द्यायला येतील तेव्हाच येतो."

"मग एवढं शिकून काय उपेग तुजा?"

त्या माणसाने आजच्या गाडीने नक्की पाठवतो म्हणून तिची समजूत घातली. संध्याकाळी मी बघितलं, तर पार्सल परत पुण्याला निघालं होतं. मी ते आईला सांगितलं नाही.

मावशीला मात्र सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी विट्यावरून एसटीने वडूजला आली. हातात पिशवी, पिशवीत भडंग.

"त्याची वाट बघत बसू व्हय? मीच आले," ती म्हणाली आणि आईच्या शेजारी बसून तिच्याशी बोलायला लागली. गिरणीच्या घरघरीत गिऱ्हाइकांशी बोलून कमावलेला तिचा आवाज आईला लख्ख ऐकू येत होता. गल्लीलाही येत होता. काकांच्या भाच्याचं लग्न कुठे अडलं, सून काय म्हणाली, सगळं. समोरच्या काकू अंगण झाडता झाडता थांबल्या. मी आत भाकरी करत होते.

"आन् तूच म्हणालीस न्हवं, लेक लय तापट हाय म्हणून!" बाहेरून मावशी.

"हळू बोल, ती आत हाय," आई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज कळत नव्हता, त्यामुळे हेही तितक्याच जोरात. मग ती पुढे म्हणाली, "हल्ली मीच काय इचारत न्हाई तिला. दिसभर शाळंत पोरांवर वरडती, घरी आल्यावर परत माझ्यापायी कशाला वरडायला लावू?"

मी भाकरी उलटली. आई गप्प बसते ती ऐकू येत नाही म्हणून, असंच मी धरून चालले होते.

जेवणं झाल्यावर मी आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. भावाचा फोन आला होता, त्याची सुट्टी पुढे गेली, शाळेत नवे हेडमास्तर आलेत, असं राहिलेलं एकेक तिच्या कानात सांगितलं. घसा दुखायला लागला. शेवटी पार्सल पुण्याला परत गेल्याचंही सांगितलं. आई हसली. "फिरू दे," म्हणाली.

मावशी असतानाच ते आलं. मी मोटरसायकलवरच्या माणसाला विचारलं, हे सांगलीला कसं काय गेलं होतं? "मॅडम, मी साताऱ्यापासनं हितवर आणतो. त्याच्या मागचं मला काय म्हाईत न्हाई," तो म्हणाला, ओटीपी घेऊन गेला.

आईने मशीन कानात घातलं. मावशी वाकून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "येतंय का ऐकाया, आक्का?"

आईने डोळे घट्ट मिटले, मशीन काढलं आणि डबीत ठेवून दिलं.

"ही जाईस्तवर ऱ्हाऊ दे," ती मला म्हणाली.

मावशी रविवारी गेली. एसटी सुटल्यावर स्टँडवरच आईने पर्समधून डबी काढली.