पूर्वीचे सत्तर डेसिबल

पूर्वी आईच्या मांडीवर गाढ झोपली होती आणि स्क्रीनवर सत्तर डेसिबलच्या खाली काही म्हणजे काही दिसत नव्हतं. उजवा कान झाला, डावा झाला. दोन्हीकडे तेच.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, वर्ध्याच्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात. ऑपरेशनं आमचे डॉक्टर सर करतात, किती ऐकू येतं ते मोजायचं काम माझं. मोठ्या माणसाचं सोपं असतं, आवाज आला की बटण दाबा म्हणायचं. सव्वा वर्षाच्या पूर्वीला काय सांगणार? म्हणून बेरा टेस्ट. मूल झोपलं की कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात स्पंजचं नळीवालं बूच बसवायचं आणि त्यातून टकटक आवाज सोडायचा. आवाज पोचला की कानाच्या नसेपासून मेंदूपर्यंत विजेची अगदी बारीक लहर जाते. स्क्रीनवर तिची टेकाडं दिसतात. पाचवं टेकाड सगळ्यांत चिवट. आवाज कमी करत जायचा आणि ते कुठे दिसेनासं होतं ते बघायचं.

यात एक गोम आहे. मुलाला जेवढा आवाज ऐकू येतो, त्यापेक्षा थोडा मोठा दिला तरच ती लहर आम्हाला ओळखू येते. म्हणून आलेल्या आकड्यातून दहाएक डेसिबल वजा करायचे. हा शेवटी अंदाजच. उभ्या कपाशीकडे बघून जाणता माणूस किती क्विंटल निघेल ते सांगतो, तसा. बहुतेकदा बरोबर निघतो, पण चुकला की चांगला चुकतो.

सत्तरातून दहा गेले, साठ उरले. म्हणजे आपलं साधं बोलणं तिच्यापर्यंत जेमतेम पोचणार.

"मॅडम," पूर्वीची आई कल्याणी हळूच म्हणाली, "तिले माहा आवाज येते का?"

"थांबा थोडं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात सर डोकावले. "काय आलं?"

"सत्तर, दोन्हीकडे."

"मग रिपोर्ट करा आणि कानाच्या मशीनची ट्रायल आजच घ्या. लोक हिंगणघाटहून आलेत. झोपलेलं मूल परत मिळत नाही, मॅडम."

सरांचं खोटं नव्हतं. पण माझं मन घेईना. पाचवं टेकाड दिसत होतं तिथेही उशिरा येत होतं, आणि पहिलंही तेवढंच उशिरा. आतला कान कमजोर असला, तर मोठ्या आवाजाला टेकाडं बहुधा वेळेवर येतात. सगळीच सारख्या उशिरानं आली, तर आवाज आत शिरायच्या आधीच कुठेतरी अडलाय असं समजायचं. सरांनी मागच्या आठवड्यात कान तपासले होते, तेव्हा मळ थोडाच होता, वाट मोकळी होती. मग अडलं कुठे?

मी उजव्या कानातलं बूच काढलं. ते बोटातून सटकलं. नाकाशी नेलं, तर खोबरेल.

बाहेर बाकावर पूर्वीची आजी बसली होती. घरात पान तिच्याशिवाय हलत नसावं, अशी बाई. तिला आत बोलावलं.

"आजी, हिच्या कानात तेल घातलंय का?"

"हो नं जी. सकाळीच टाकलं, कोमट करून."

"फोनवर सांगितलं होतं ना, तेल लावू नका म्हणून?"

"डोक्याले लावू नका म्हणलं होतं तुमी. एक थेंब नाई लावला. पाहा, केस कसे कोरडे पडले लेकराचे! कानात टाकलं फक्त. तेल टाकलं का लेकरू गपगार झोपते. तुमाले झोपलेलंच पायजे होतं नं?"

हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. इलेक्ट्रोड नीट चिकटावेत म्हणून मी डोक्याचं बोलले होते, आणि बाईनं माझा शब्द न् शब्द पाळला होता.

पूर्वी झोपेतच होती. मी कानामागच्या हाडावर कंप देणारं छोटं बटण लावलं. त्याचा आवाज कानाच्या भोकातून न जाता हाडातून थेट आतल्या कानात जातो. आता पन्नासच्याही खाली टेकाड दिसलं, म्हणजे आतला कान वाटला तेवढा कमजोर नव्हता. मग बाईसाहेब जाग्या झाल्या आणि सगळा दवाखाना डोक्यावर घेतला.

मी सरांना म्हटलं, "आज रिपोर्ट नाही. ट्रायलही नाही."

"लोक नाराज होतील."

"होऊ द्या. साठच्या हिशोबाचं मशीन या कानाला लावलं तर आवाजाचा भडिमार होईल तिच्यावर. बोलता येत नाही, उपटून फेकेल. घरचे म्हणतील फायदा नाही, आणि मशीन जाईल कपाटात. बोलायला शिकायचं वय असंच निघून जाईल."

सरांनी कान साफ करायचं सामान मागवलं. तेलात भिजून फुगलेला मळ निघाला, दोन्हीकडून.

पुढच्या आठवड्यात मंडळी परत आली, कोरड्या कानांनी. या वेळी पन्नासपर्यंत स्वच्छ टेकाड. वजा जाता चाळीस. ऐकू कमी येतच होतं, पण आधी वाटलं तेवढं नाही.

कल्याणीनं पुन्हा तेच विचारलं. आता माझ्याकडे उत्तर होतं.

"मांडीवर घेऊन बोललात तर येतो. स्वयंपाकघरातून हाक मारली तर नाही."

तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मी अंगाई म्हणतो, ते आयकते थे?"

"ऐकते."

आजीनं पदर तोंडाला लावला.

कमी ताकदीचं मशीन दिलं. तिसरं वर्ष लागल्यावर पूर्वीची खरी परीक्षा घेतली: बीप ऐकू आला की रिंग खांबात टाकायची. खेळ तिला इतका आवडला की संपल्यावर रिंगा परत देईना. एका कानाला चाळीस, दुसऱ्याला पस्तीस. अंदाज खरा उतरला होता.

आता मी आधी कानात टॉर्च मारून बघते, मगच बूच बसवते. मूल जागं झालं तर झालं. आई आहे, पुन्हा थोपटेल.