आपले विनीत, आणि खाली कोरी जागा

माझ्या लग्नाची पत्रिका ठरवायला आम्ही महाल भागातल्या कार्डवाल्याकडे गेलो, तेव्हा दुकानाच्या पायरीवरच बाबांनी मला बजावलं, "डिझाइन तुह्यं, नावं माही. नावं सगळी आली पायजे." मी हो म्हटलं. दोन मिनिटांनी भांडायचंच होतं, तर पायरीवर कशाला?

माझं डोकं लवकर तापतं. आई म्हणते, नवतपाच्या भर उन्हात जन्मली पोट्टी, थंड कुठून राहील. कार्डवाल्याने आमच्यापुढे जाडजूड अल्बम टाकले. मखमलीची पत्रिका, खिडकी उघडणारी पत्रिका, उघडली की सनई वाजणारी पत्रिका. एकेकीचा भाव ऐकून आईने पदराने वारा घेतला आणि म्हणाली, "एवढ्यात तर पंगतीची बुंदी होते." खरंच होत होती. बाबांना पंगत मोठी घालायची होती, त्यामुळे पत्रिकेच्या वाट्याला जे उरलं त्यात साधा कागद, एक रंग आणि एक बाजू एवढंच बसत होतं.

मग मी माझा मोबाइल काढला. मी स्वतः काढलेलं डिझाइन त्यात होतं. बाबांचं गाव कुहीकडचं, धानाचं. म्हणून चारही बाजूंनी धानाच्या लोंब्या, हळदीच्या रंगाचा खरखरीत कागद आणि त्यावर कुंकवाच्या रंगाची छपाई. पाकीट नाही. पत्रिकेची सुरळी करायची आणि लाल धाग्याने बांधायची, धागे आम्हीच घरी बांधणार. कार्डवाल्याला ते आवडलं. बाबांनी मात्र चष्मा कपाळावर नेला. "पाकीट काहून नाई? बिनपाकिटाची पत्रिका तेरवीची वाटते वं."

"तेरवीच्या कार्डावर लोंब्या असतात का, बाबा?"

"लोंब्या राहू दे. नावं कुठी बसवशील?"

खरी गोष्ट इथेच होती. पत्रिकेच्या तळाशी 'आपले विनीत' असतं आणि त्याखाली भावकीतल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं, वयाच्या क्रमाने. आमच्या गावात नवरदेवाचं नाव लोक नंतर वाचतात, आधी खाली आपलं नाव शोधतात. ताईच्या लग्नात बाबांच्या चुलतभावांची नावं खालीवर झाली होती. धाकट्याचं वर, थोरल्याचं खाली. थोरल्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो. मोठे बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि ते आले नाहीत. ते नाहीत म्हणून त्यांच्या शब्दातली घरं नाहीत, आणि धाकटे काका एकटे कशाला येतात? गावासाठी मांडलेली पंगतच्या पंगत रिकामी राहिली. पत्रावळींवर वाढलेलं वरण थंड झालं. आई ताट घेऊन बाबांच्या मागे फिरत होती आणि बाबा म्हणत होते, "भूक नाई मले." त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. मी तेव्हा शाळेत होते, पण ते रिकामे पाट मला अजून दिसतात.

म्हणून आता बाबांना दुसरं काही नको होतं. गाव यायला हवं, बस्स.

कार्डवाल्याने सुचवलं, "समस्त परिवार लिहून टाका ना काका, झंझटच नाही."

"समस्त म्हणजे कोणीच नाई," बाबा म्हणाले. त्यांचं बरोबर होतं.

मी लोंब्या लहान केल्या, मजकूर आखडता घेतला आणि तळाशी नावांसाठी ऐसपैस जागा सोडली. संध्याकाळपर्यंत नावं क्रमाने व्हॉट्सॲपवर पाठवतो, असं कबूल करून बाबा हुडकेश्वरला घरी आले आणि फोनला चिकटले. बाबा शाळेत क्लार्क होते. मुलांच्या जन्मतारखा लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. पण भावकीत कोण कोणाहून मोठं हे काही केल्या जमेना. दोघांबद्दल तर फारच घोळ होता. बाबांनी गावच्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं, ती म्हणाली, "तलाव फुटला त्या साली दोघंई झाले." बाबांनी नावं पाठवली, मग डिलीट केली. पुन्हा पाठवली, वरखाली केली, पुन्हा डिलीट केली. सकाळी अखेरचा क्रम ठरवून पाठवला, तोवर सगळा गठ्ठा छापून झाला होता.

वर गणपती, मध्ये आम्ही दोघं, तळाशी ठसठशीत 'आपले विनीत', आणि त्याखाली काहीच नाही. नुसता पिवळा कागद.

मी दुकानात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कार्डवाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुमचं डिझाइनच तसं आहे. आजकाल लोक काहीही छापून घेतात." पुन्हा छापायला पैसे नव्हते. बुंदीतून काढा म्हटलं, तर बाबा नाही म्हणाले. घरी येऊन आईने पहिल्या पत्रिकेला हळदकुंकू लावलं, ती गणपतीपुढे ठेवली आणि धागे बांधायला बसली. बाबा तेवढं म्हणाले, "मागच्या वेळी एकाचंच नाव चुकलं होतं. आता सगळ्यायचंच चुकलं."

आवतन द्यायला नवरी जात नसते. पण बाबा एकटे जायला घाबरत होते, हे मला कळत होतं. म्हणून गाडी मी चालवली आणि ते मागे पत्रिकांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. वाटेत एकदा म्हणाले, "पैले मोठ्याकडेच चाल. शिव्या खायच्या तर रिकाम्या पोटी खाऊ."

मोठे बाबा अंगणात खाटेवर बसले होते. बाबांनी त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या, पत्रिका दिली आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "दादा, चूलबंद आवतन हाये." म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला आमच्याकडे यायचं. मोठे बाबांनी धागा सोडला, चष्मा मागवला आणि पत्रिकेवर खालून बोट ठेवलं. बोट वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"इथं तर काईच नाई गा."

कार्डवाल्याचा उद्धार करायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मोठे बाबांनीच विचारलं, "धाकट्याचं?"

"त्याचंई नाई."

"आन तुह्यं?"

"माहंई नाई, दादा."

मोठे बाबा विचारात पडले. रागवावं तर कोणावर, असा त्यांचा चेहरा झाला होता. बाबांनी तेवढ्यात शर्टाच्या खिशातला पेन काढला. क्लार्कच्या खिशात पेन असायचाच. "तुमीच लिवा, दादा. पैलं नाव तुमचंच. तुमच्याशिवाय मी कसा लिवू?"

मोठे बाबांनी पत्रिका गुडघ्यावर ठेवली. एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलं, मग वर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली, पत्रिका लांब धरून पाहिली आणि आत ओरडून चहा मांडायला सांगितलं. मी मान खाली घालून हसू दाबत होते, आणि बाबा पेनाचं टोपण शोधत होते. टोपण त्यांच्याच हातात होतं.

तिथून समोर धाकट्या काकांकडे गेलो. त्यांनीही पहिलं नाव आपलंच लिहिलं. मग पुढचं घर, त्याच्या पुढचं घर. प्रत्येक पत्रिकेवर पहिलं नाव वेगळं, आणि त्या त्या घरात तेच बरोबर. तलाव फुटला त्या साली जन्मलेले दोघंही आपापल्या घरात थोरले झाले. आत्याला लिहिता येत नव्हतं, तिने कुंकवाचं बोट उमटवलं. बाबा दिवसभर पेन पुढे करत होते आणि चहा पीत होते. परतताना मात्र गाडीवर मागून हळूच आवाज आला, "येतील का वं?"

"येतील ना, बाबा," मी म्हटलं. मला कुठे माहीत होतं?

लग्न दुपारचं होतं. नवरदेवाची वरात लॉनच्या दारात आली, तेव्हा मी आत सजून बसले होते, पण खिडकीतून सगळं दिसत होतं. वरातीच्या आधीच दोन मेटॅडोर भरून गाव आलं होतं. आणि पाहुण्यांसारखं खुर्च्यांवर बसलं नव्हतं, दारात उभं होतं. इस्त्रीचे सदरे, टोप्या, खांद्यावर दुपट्टे. नवरदेवाच्या मामांनी गळाभेटीसाठी विचारलं, "मुलीकडचे यजमान कोण?"

"मी," मोठे बाबा म्हणाले, आणि खिशातून सुरळी काढून दाखवली. "हे पाहा, नाव हाये."

"मीबी," म्हणत धाकट्या काकांनी आपली काढली. मग सगळ्यांच्याच सुरळ्या निघाल्या. मामा बिचारे एकेकाची गळाभेट घेत राहिले, आणि माझा खरा बाप मागे पाण्याचे जग उचलत होता. त्याला पुढे यायला जागाच नव्हती. मी हसता हसता रडले आणि ताईने माझं काजळ दुसऱ्यांदा घातलं.

मग पंगत बसली. एक उठली, दुसरी बसली. ताई पदर खोचून आलूवांग्याची भाजी वाढत होती, मोठे बाबा रांगेतून फिरत "लाजू नका, घरचं हाये" म्हणत आमच्याच लोकांना आग्रह करत होते. एक पाट रिकामा दिसला की धाकटे काका हाक मारून तिथे कोणाला तरी बसवत होते.

सगळं पार पडल्यावर आई बाबांसाठी ताट घेऊन आचाऱ्याकडे गेली. आचारी स्वयंपाकाचे मोठे गंज पालथे घालून बसला होता. भाजी नव्हती, भात नव्हता, बुंदीचा दाणा नव्हता. आई रिकामं ताट घेऊन परत आली.

निरोपाच्या वेळी सगळे रडत होते. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून रडणार, म्हणून मी मन घट्ट करून उभी होते. ते कानाशी वाकले आणि हसत म्हणाले, "काईच नाई उरलं वं. ह्याही लग्नात मी उपाशीच राहिलो."