दगडी झालेल्या म्हशीचं दूध

शालनचं पत्र आलं, ‘बाळीला दूध दिलं की उलटी होते. हगवण थांबत नाही. ये.’ शालन माझी लेक, सांगलीला विश्रामबागेत दिलेली. बाळी तिची, वर्षाची. सुनेला म्हशीचं काय ते सांगितलं आणि कोरेगावला गाडीत बसले.

कराडला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर दुधाचे कॅन उन्हात उभे. एकाचं झाकण उघडं. दुधावर उसाचं पाचट (वाळलेला पाला) तरंगत होतं, पाचटावर माश्या.

“हे काय रं घातलंय?” मी कॅनवाल्याला विचारलं.

“दूध हिंदकळू नये म्हणून, आजी.”

“आणि पाचटाचा चिखल?”

“उकळल्यावर समदं जातंय!”

डब्यातली माणसं हसली. मी हातातला चहा खाली ओतला.

सांगलीला पोचले तर बाळीची मान शालनच्या खांद्यावर पडलेली, ओठ सुकलेले. डॉक्टरांनी दूध बंद करून पेज सांगितली होती. शालन दूध उकळते, भांडी राखेनं घासते. मग खोट घरात नव्हती. दुपारी गवळ्याचा, दामूचा, गोठा शोधत गेले.

घोटा बुडेल एवढ्या शेणात आठ म्हशी. दावी इतकी आखूड, की त्यांना बसता येईना. एकीपुढं मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ठेवला होता. ती ते चाटत होती आणि दामू धार काढत होता.

“रेडकू कशानं मेलं?”

“दूध पुरलं न्हाई.”

“आईचं दूध पोराला पुरलं नाही, आणि तू बादली भरतोस?”

तो पुढच्या म्हशीकडं सरकला. तिला दगडी (कासेची सूज) झाली होती. पहिल्या धारेला गाठी आल्या. त्या त्यानं खाली सोडल्या, पुढचं दूध त्याच बादलीत घेतलं.

“हिला इंजेक्शन दिलंय?”

“काल दिलं.”

“दूध टाकून द्यायला सांगितलं नाही डॉक्टरानं?”

“सांगत्यात की! आमच्या घरात हिचं कुणी घेत न्हाई. भाईर घालतो.”

मी बादली लाथाडली. दूध शेणात गेलं. दामू उसळला, “आजी, येड लागलं काय? तुमच्या गावात काय करता वो दगडीच्या दुधाचं? देवाम्होरं ठेवता?”

निघताना मीच सुनेला म्हणाले होते, ‘म्हशीला दगडीचं इंजेक्शन झालंय. घरात दूध घेऊ नको, डेअरीला घाल.’ आमच्या आळीत सगळ्या हेच करतात. देवाला नाही, पोरांना नाही, डेअरीला. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

बाळीला पेज पचायला लागली, डोळे उघडून बघायला लागली, तशी मी परतले. कराडला कॅन तसेच उन्हात होते. या वेळी मी खिडकी लावून घेतली.

घरी पोचले तर सून कॅन घेऊन दारात. मी तो हिसकावून उकिरड्यावर पालथा केला.

“आवं आत्याबाई! तुमीच घालाय सांगितलं न्हवं? तीन दिस झालं, घालतीय की!”

“व्हय. मीच सांगितलं.”

शालनला मी होते, पत्र लिहायला. ते तीन दिवसांचं दूध कुणाच्या पोरांनी प्यायलं, मला कधीच कळणार नाही. त्यांच्या आया मला पत्र लिहिणार नाहीत.