नवरीमागची जागा

कार्तिकातला रविवार. ठिकाण: अकोल्याजवळचं वसंतरावांचं शेत. हजर: वसंतराव, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी, परतवाड्याहून आलेली वसंतरावांची धाकटी बहीण शकुंतला आणि रोडग्यांची व्यवस्था पाहणारी मी, त्यांची शेजारीण. आम्ही तिघी बोलत होतो. वसंतरावांचं मौन होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला शोधण्याचा उद्योग काढला. दर वर्षी नवं शिबिर. परतले की फाटकातूनच ओरडत, "ताई, यंदा मी मले सापडलो!"

"मग आता सुमनवहिनींना दळण आणायला सापडा," मी म्हणे. ते डोळे मिटून हसत. इतकं चीड आणणारं हसू मी दुसरं पाहिलेलं नाही.

शकुंतलेच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवरीच्या मागे मामा हवा होता. मामा शिबिरात ध्यानस्थ. मुहूर्त थोडाच थांबतो! चुलतमामाला उभं केलं. हे पंगतीच्या वेळी उगवले आणि "माही जागा दुसऱ्याले देली" म्हणून रुसले. तेव्हापासून बहिणीशी अबोला. कॉलनीत मात्र माणसं कशी जोडावी यावर प्रवचनं.

त्या रविवारी शकुंतलेनं गोवऱ्यांच्या आरातला रोडगा काढून फोडला, तुपात बुडवून त्यांच्या ताटात ठेवला.

"दादा, धाकटीचं लग्न जमलं. मामा तूच. येशीन ना?"

वसंतरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"वा रे वा! खायले तोंड उघडते, अन् माह्याशी बोलाले नाही?"

"त्याईचं मौन संध्याकाळी सुटते," सुमनवहिनी पुटपुटल्या.

"माही गाडी चारले आहे, वहिनी."

ती चारला गेली. दिवेलागणीला, आम्ही शेतावरून घरी परतल्यावर, मौन सुटलं आणि वसंतराव माझ्या फाटकाशी आले.

"ताई, तुमीच सांगा ना तिले, मी येतो म्हणून."

"फोन तुमच्या खिशात आहे."

"अन् ते काही बोलली म्हंजे?"

इतक्या शिबिरांत न सापडलेला माणूस समोर उभा होता: धाकट्या बहिणीला घाबरणारा भाऊ. मी फाटक लावून घेतलं.

आता लग्न शुक्रवारवर आलं आहे. परतवाड्याची जीप सांगितली. फेटा आणला. धोतर इस्त्रीला गेलं. पुढच्या शिबिरातलं त्यांचं नाव मीच काढायला लावलं. बहिणीला फोन तेवढा बाकी आहे, आणि तो मी करणार नाही. सकाळपासून वसंतराव ओट्यावर फोन हातात धरून बसले आहेत.